आटपौरे आणि संदेश : बंगाली गृहजीवनातील शब्दांची साक्ष

राजवटींच्या इतिहासाला ताम्रपट, बखरी व दफ्तरे यांचा आधार असतो; गृहजीवनाच्या इतिहासाला तो क्वचितच मिळतो. घरात कोणते वस्त्र कसे नेसले जात होते, सणाला कोणते पक्वान्न शिजत होते, याची नोंद करण्याची गरज कोणास वाटत नसे. अशा वेळी अभ्यासकाच्या हाती उरते ती त्या वस्तूंची नावे. परंतु हा पुरावा जपून वापरावा लागतो. शब्द जुना आहे म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, आणि शब्दाचा अर्थ बदलला म्हणजे वस्तू बदललीच असेही नाही. बंगाली गृहजीवनातील वस्त्र आणि मिष्टान्न या दोन क्षेत्रांतील काही शब्द घेऊन हा मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

वस्त्रापासून आरंभ करू. बंगाली स्त्रीच्या साडी नेसण्याच्या जुन्या पद्धतीला 'आटपौरे' म्हणतात. 'आट' म्हणजे आठ आणि 'पौरे' हे प्रहरवाचक. आठही प्रहर अंगावर असणारे, म्हणजे रोजच्या वापरातले, असा त्याचा सरळ अर्थ. मराठीतील 'अष्टौप्रहर' या शब्दाशी परिचित असलेल्यास ही व्युत्पत्ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आटपौरेच्या विरुद्ध शब्द 'पोशाकी'. हा फारसी 'पोशाक' या शब्दावरून आलेला असून समारंभास घालावयाच्या वस्त्रास लावला जातो. या पद्धतीत समोर बारीक निऱ्या नसतात. रुंद घड्या घालून साडी कमरेभोवती गुंडाळतात, पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडतात आणि उजव्या हाताखालून पुन्हा पुढे आणतात. पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधण्याची चाल होती. शांतिपूर, धनियाखाली यांसारख्या केंद्रांत विणलेली हातमागाची पातळ सुती 'ताँत' साडी अशी सैल नेसली म्हणजे गंगेच्या मुखाकडील दमट उन्हाळ्यात अंगाला वारा लागतो. हवामानाशी सुसंगत असे हे वस्त्र होते.

मात्र ते घरापुरतेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भद्र कुटुंबातील स्त्रिया त्याखाली चोळी किंवा परकर बहुधा वापरीत नसत. अंतःपुरात यात काही वावगे नव्हते; पण या वेशात परक्या समाजापुढे जाता येत नव्हते. स्त्रीने घराबाहेर पडावे की नाही हा वाद त्या काळी चालू होता, आणि १८६३ साली निघालेल्या 'वामाबोधिनी पत्रिके'सारख्या नियतकालिकांतून स्त्रियांच्या वेशाची चर्चाही होत होती. तत्त्वाचा निर्णय काहीही होवो, बाहेर पडावयाचे तर नेसावयाचे काय, हा व्यवहाराचा प्रश्न आधी सोडविणे भाग होते.

तो सुटला मुंबईत. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी सेवेत प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी त्यांच्याबरोबर तिकडे निघाल्या. प्रवासासाठी एका फ्रेंच दुकानातून त्यांच्याकरिता खास पोशाख शिवून घेण्यात आला; तो इतका अवघड होता की दुसऱ्याच्या मदतीवाचून अंगात चढविता येईना. मुंबईत हे दांपत्य माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी उतरले. तेथील स्त्रियांची साडी नेसण्याची रीत ज्ञानदानंदिनीदेवींनी उचलली, परंतु जशीच्या तशी नव्हे. पारशी स्त्रिया पदर उजव्या खांद्यावर घेत. यांनी तो डाव्या खांद्यावर घेतला व उजवा हात मोकळा ठेवला. खाली परकर व वर अंगात शिवलेले वस्त्र आले. या परकरास बंगालीत 'साया' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज असून बंगालच्या किनाऱ्यावर तो फार पूर्वीच उतरला होता. अशा रीतीने या नव्या वेशात बंगालची साडी, मुंबईची रीत आणि पोर्तुगीज नाव अशी तिहेरी सामग्री एकत्र आली.

या पद्धतीला मिळालेली नावे भाषाभ्यासकास विशेष महत्त्वाची वाटतील. ठाकूर घराण्यात ती प्रथम 'बोम्बाइ दस्तूर' म्हणून ओळखली गेली. ब्राह्मसमाजातील स्त्रियांनी ती स्वीकारल्यावर 'ब्राह्मिका साडी' हे नाव पडले. पहिले नाव स्थळावरून, दुसरे पंथावरून. पुढे तिचा प्रसार इतका झाला की विशेषणाची आवश्यकताच उरली नाही. ती केवळ 'साडी नेसणे' झाली. विशेषण लावण्याची पाळी आली ती जुन्या पद्धतीवर. आज बंगाली स्त्री दुर्गापूजेच्या दशमीला, सिंदूरखेळाच्या वेळी, लाल काठाची पांढरी साडी मुद्दाम 'आटपौरे' पद्धतीने नेसते. ज्या शब्दाचा अर्थ 'नित्याचे' तो आता नैमित्तिक वेशाचे नाव झाला आहे, आणि 'पोशाकी'चे काम 'आटपौरे' करीत आहे. मराठीतही 'लुगडे' हा शब्द मागे पडून 'नऊवारी' हे मापाचे विशेषण पुढे आले, ते पाचवारी सर्वसामान्य झाल्यावरच.

आता मिष्टान्नाकडे वळू. येथील मध्यवर्ती शब्द 'संदेश'. त्याचा मूळ अर्थ निरोप, वार्ता. आप्तांकडे वार्ता विचारावयास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, या शिष्टाचारामुळे निरोपाचे नाव निरोपाबरोबर जाणाऱ्या मिठाईला चिकटले. ही केवळ कल्पना नव्हे. विवाहप्रसंगी वधूवरांच्या घरी पाठविल्या जाणाऱ्या वस्त्रे व मिठाई यांच्या भेटीस बंगालीत 'तत्त्व' म्हणतात, आणि 'तत्त्व घेणे' याचा अर्थ विचारपूस करणे असाच आहे. दोन स्वतंत्र शब्द एकाच मार्गाने गेलेले दिसतात, तेव्हा त्यामागे एक सामाजिक संस्था आहे असे अनुमान करणे सयुक्तिक ठरते. लेक सासरी सुखात आहे की नाही हे जाणून घेण्याचा उघड मार्ग नव्हता; मिठाईचे ताट हा तो मार्ग होता.

'संदेश' हा खाद्यवाचक शब्द कृष्णदास कविराजांच्या 'चैतन्यचरितामृता'त आढळतो. तेवढ्यावरून आजचा संदेश तितका जुना ठरत नाही. आजचा संदेश 'छाना'चा, म्हणजे आंबट घालून फाडलेल्या दुधाच्या चोथ्याचा असतो; जुना संदेश खवा, नारळ वा साखर यांचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. छानाची कला बंगालने पोर्तुगीजांकडून घेतली, असे एक मत प्रचलित आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निये याने पोर्तुगीज वस्तीच्या ठिकाणांची मिठाई वाखाणली आहे, हे खरे. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त फाडलेल्या दुधाचे पक्वान्न वर्णिलेले असल्याने हे मत निर्विवाद मानता येत नाही. निश्चित एवढेच, की छानाच्या मिठाईला आजचे वैभव एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याच्या हलवायांनी दिले. बागबाजारच्या नवीनचंद्र दास यांच्या रसगुल्ल्याचे वर्ष १८६८ सांगितले जाते. गव्हर्नर-जनरल कॅनिंग यांच्या पत्नीचे नाव 'लेडिकेनि' या मिठाईत राहिले आहे. रसगुल्ल्याच्या मालकीचा वाद तर अलीकडचा : भौगोलिक निर्देशांक बंगालला २०१७ साली आणि ओडिशाला २०१९ साली, आपापल्या प्रकारापुरता, मिळाला.

याउलट घरात सणाला होणारे पदार्थ पाहावेत. पौष संक्रांतीला 'पिठे' करतात. शब्द संस्कृत 'पिष्टक' यापासून आलेला, आपल्या 'पीठ' शब्दाचा सगोत्र. पाटिसापटा, दूधपुली, गोकुळपिठे हे त्याचे प्रकार. तांदळाची पिठी, नारळ, आटीव दूध आणि हिवाळ्यात शिंदीच्या रसापासून काढलेला नवा 'नलेन' गूळ ही त्यांची सामग्री. विजयादशमीनंतर भेटीस येणाऱ्यांस नारळाचे 'नाडू', म्हणजे लाडू, देतात. वाढदिवसास 'पायेश', म्हणजे पायस, अवश्य असते. या परंपरागत यादीत छानाला प्रमुख स्थान नाही. छाना हा मुख्यतः हलवायाचा, बंगालीतील 'मयरा'चा, प्रांत. पिठे हा गृहिणीचा.

वस्त्र व मिष्टान्न या दोन्ही क्षेत्रांत एकच क्रम दिसतो. बाहेरून आलेले नवे ते नित्याचे झाले. घरातले जुने ते सणापुरते उरले. म्हणून सणात जे 'सनातन' म्हणून मिरविले जाते ते पुष्कळदा कालपरवाचे नित्यजीवन असते. यात एक विषमताही आहे. हलवायाच्या मिठाईला शोधकाचे नाव, वर्ष आणि निर्देशांक मिळाला. साडीच्या नव्या पद्धतीच्या बाबतीत एका स्त्रीचे नाव तरी टिकले. पिठे आणि नाडू पिढ्यान्‌पिढ्या घडविणाऱ्या हातांचे मात्र एकही नाव उरले नाही. उरले ते पदार्थांचे शब्द. गृहजीवनाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने शब्दांकडे वळावयाचे ते याचसाठी, मात्र त्यांची साक्ष उलटतपासणीवाचून स्वीकारू नये.