थांबण्याचा इतिहास : एका तीन फुटी नळीची गोष्ट

यावल-भुसावळ रस्ता ज्यांच्या पायाखालचा (किंवा चाकाखालचा) आहे, त्यांना केळीचा ट्रॅक्टर म्हणजे काय प्रकरण असतं ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळची वेळ, ट्रॉली घडांनी गच्च भरलेली, मागे दिवा नाही, आणि वळणार कुठे हे फक्त चालवणाऱ्यालाच ठाऊक. गेल्या दिवाळीला घरी गेलो होतो, तेव्हा पप्पांची मोटरसायकल घेऊन अशाच एका ट्रॉलीमागे चाललो होतो. ट्रॉली एकदम थांबली. मी पुढचा ब्रेक दाबला, आणि लिव्हर मऊ मऊ होत थेट हँडलच्या ग्रिपला जाऊन टेकली. मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला म्हणून थांबलो. ट्रॉलीच्या फळीपासून हातभर अंतरावर.

पाय थरथरत होते, पण माझ्या डोक्यात विचार वेगळाच होता. मी वर्षातून चार वेळा पुण्याहून येतो आणि ही गाडी फिरवतो. पप्पा एकसष्ट वर्षांचे आहेत, आणि ते याच गाडीवर रोज शेतात जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन आमच्या मेकॅनिक काकांकडे गेलो. दीडशे सीसीची गाडी, पुढे डिस्क, वय वर्षं चौदा. काकांनी वरच्या ब्रेकच्या टाकीपासून खाली कॅलिपरला जाणारी काळी रबरी नळी चिमटीत धरली आणि म्हणाले, "दाब आता." मी लिव्हर दाबली. "आता तू धर, मी दाबतो." धरली, तर नळी बोटांमध्ये चक्क फुगत होती!

"चौदा वर्षांत नळी बदलली का कधी?" काकांनी विचारलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी पप्पांकडे. नळी बदलायची असते हेच आम्हाला दोघांना माहीत नव्हतं. (आणि माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे बरं का.)

काका म्हणाले, तशीच रबरी टाकू, स्वस्तात होईल. पण मी रात्रभर इंटरनेट उपसलेलं. म्हटलं, स्टीलच्या जाळीची टाकू, पुण्याहून मागवतो. किंमत ऐकल्यावर पप्पा म्हणाले, "एवढ्या पैशात काय विमानाची नळी येते का?"

पप्पा चेष्टेत बोलले, पण मंडळी, ती खरोखरच विमानाची नळी आहे. आणि ती आमच्या यावलपर्यंत कशी पोचली ही गोष्ट मला इतकी आवडली की हा शनिवार तिच्यावरच घालवला.

सुरुवात पास्कलपासून. बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाबलं तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे आपण दहावीच्या आसपास पाठ केलेलं असतं. पास्कल हे सतराव्या शतकात सांगून गेला. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने त्यावर हायड्रॉलिक प्रेस बनवला. म्हणजे तत्त्व हातात होतं. पण गाड्या आल्या तेव्हा ब्रेक मात्र सळ्या आणि तारांचेच होते. १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक पुढे आणला. जिंकला ड्रम. लँचेस्टरच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासून भयानक किंचाळायचं, आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर ते पटकन झिजायचं. ड्रम आपला झाकलेला, गरीब आणि शांत.

द्रवाचा ब्रेक रस्त्यावर आणला तो अमेरिकेच्या माल्कम लॉकहीडने. मूळ आडनाव लॉगहेड असं वाचलं जाईल अशा स्पेलिंगचं. लोक चुकीचं उच्चारतात म्हणून वैतागून स्पेलिंगच बदललं. नाव ओळखीचं वाटतंय ना? त्याच्याच भावाने, अ‍ॅलनने, लॉकहीड विमान कंपनी काढली. म्हणजे विमान आणि ब्रेकची नळी ही एकाच घरातली भावंडं! १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. पण सुरुवातीचे सील चामड्याचे, ते गळायचे. १९२४ मध्ये क्रायस्लरने रबरी सील वापरून ते प्रकरण सुधारलं आणि मग हा ब्रेक सर्वसामान्य मोटारींत शिरला.

आता नळीचा मुद्दा. मोटारीच्या सांगाड्यावर धातूची नळी चालते, कारण ती हलत नाही. पण चाक वर-खाली होतं, डावी-उजवीकडे वळतं. तिथे शेवटचा तुकडा लवचिक लागतो. म्हणून रबर, आणि रबराच्या आत ताकदीसाठी विणलेला धागा. मोटरसायकलवर तर हँडलपासून चाकापर्यंत सगळीच नळी लवचिक लागते. सुमारे तीन फूट.

आणि त्या नळीवर ताण केवढा? ढोबळ गणित करू. समजा घाबरून बोटांनी १२ किलोचा जोर लावला. लिव्हरमुळे तो पाचपट झाला, म्हणजे ६० किलो. आतला पिस्टन १२.७ मिमी व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ १.२७ चौरस सेंटिमीटर. दाब झाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ४७ किलो. आपण पेट्रोल पंपावर टायरमध्ये जी हवा भरतो, तिच्या सत्तावीस पट! एवढ्या दाबाला रबर थोडं तरी फुगणारच. आणि आत पिस्टनने सरकवलेलं तेल असतंच किती, चमचाभरही नाही. त्यातलं थोडं जरी नळीच्या फुगण्यात गेलं, तर लिव्हर तेवढी आत जाते आणि हाताला 'मऊ' लागते. नवी रबरी नळी फारच कमी फुगते. चौदा वर्षं उन्हात तापलेली, आमच्या जळगाव जिल्ह्यातला पंचेचाळीस अंशांचा मे महिना चौदा वेळा पाहिलेली नळी जास्त फुगते.

यावर उपाय तीन वेगवेगळ्या गोष्टींमधून आला, आणि त्यातली एकही ब्रेकसाठी शोधलेली नव्हती. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीला बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारं पोलाद हवं होतं. त्याला सापडलं न गंजणारं पोलाद, आपलं स्टेनलेस स्टील. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट फ्रिजच्या गॅसवर काम करत होता. एका सिलिंडरमधून गॅस येईना, पण वजन तर तेवढंच! सिलिंडर कापून बघितला तर आत पांढरी गुळगुळीत पावडर. तेच टेफ्लॉन. उष्णतेला, तेलाला, कशालाच दाद न देणारं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे विमान. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांना अशा नळ्या हव्या होत्या, ज्या तापल्या तरी मऊ पडणार नाहीत आणि दाबाला फुगणार नाहीत. मग आत टेफ्लॉनची नळी, बाहेर स्टेनलेस तारांची वीण. विमानांतून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि तिथून रस्त्यावरच्या मोटरसायकलींवर.

रस्त्यावर यायला तिला एक परीक्षा मात्र अवघड गेली. अमेरिकेच्या ब्रेक होजच्या मानकात एक चाबूक चाचणी आहे. नळी दाबाखाली ठेवून सलग ३५ तास गरगर हलवायची. ताठ स्टीलची वीण टोकाला, जिथे जोड असतो तिथे, थकून तुटायची. जोडापाशी आधार दिल्यावर ती पास होऊ लागली. थोडक्यात, मजबूत असणं वेगळं आणि रोज हलत राहून टिकणं वेगळं.

इकडे डिस्कने पुनरागमन केलं होतं. १९५३ ची ल मां शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली, पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क असलेली आणि जगभर प्रचंड खपलेली मोटरसायकल.

आणि आपण? आपल्याकडे तेव्हा राजदूत आणि जावा होती, पुढे लूना आली, एम-८० आली. सगळ्यांना ड्रम. खरं तर तेव्हा त्यात वाईट काही नव्हतं. तारेचा ड्रम ब्रेक प्रामाणिक असतो. तेल नाही, गळती नाही, सैल झाला तर हाताने नट फिरवला की झालं. वेगच कुठे होता तेवढा?

मग १९८३ ला एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० भारतात 'राजदूत ३५०' म्हणून आणली. परदेशात या गाडीला पुढे डिस्क होती. आपल्या आवृत्तीला ड्रम. म्हणजे इंजिन पळायला आलं, थांबायची सोय मात्र मागे राहिली! १९८५ च्या आरएक्स १०० लाही ड्रमच. पुढची डिस्क आपल्या कॉलेजकट्ट्यांवर खऱ्या अर्थाने पोचली ती १९९९ च्या हीरो होंडा सीबीझेडबरोबर, आणि २००१ मध्ये पल्सर आल्यावर ती घरोघरी गेली. सीबी ७५० पासून मोजलं तर तीस वर्षं. २०११ मध्ये टीव्हीएसच्या अपाचे आरटीआर १८० ला एबीएस मिळालं. २०१२ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातून केटीएम ड्यूक २०० बाहेर पडली, तिला स्टीलच्या जाळीची नळी कारखान्यातूनच होती. आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं.

या सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या आणि एक गोष्ट खटकली. वेग आपल्याकडे नेहमी आधी येतो, थांबणं मागून येतं. बरं, गाडीत ते एकदाचं आलं तरी आपल्या डोक्यात यायला आणखी वेळ लागतो. आमच्या घरी ऑइल वेळेवर बदललं जातं, कारण इंजिन महाग. चेन सैल झाली तर आवाज येतो. ब्रेकची नळी आवाज करत नाही, ती चौदा वर्षं गुपचूप म्हातारी होते.

असो. नळी आली. काकांनी आणि मी मिळून बसवली. जोडाचे तांब्याचे वायसर नवे घातले, जुनं काळं ब्रेक ऑइल फेकून नवीन डॉट-४ भरलं (हे तेल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे दोनेक वर्षांनी बदलायचंच असतं), आणि हवा काढता काढता दीड तास गेला. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघितलं. स्टीलची वीण उघडी असेल तर टाकीचा रंगच काय, प्लास्टिकही कानशीसारखी कापते. एबीएसच्या गाडीवर हे काम घरी करायच्या फंदात पडू नका, तिथली हवा काढणं वेगळं प्रकरण आहे.

मग फैजपूर (हो, तेच १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचं), खिरोदा करत सातपुड्यात पालपर्यंत चक्कर मारली. उतारावर लिव्हर पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच टणक. दोन बोटांनी किती दाबलं आणि किती थांबलं, याचा हिशोब हाताला कळतो.

पण प्रामाणिकपणे सांगतो, गाडी थांबवतो तो शेवटी टायर. साठच्या वेगाला, चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून वीसेक मीटर लागतातच, नळी रबरी असो की विमानाची. स्टीलची नळी अंतर जादूने कमी करत नाही, ती हाताचा निरोप चाकाला न अडखळता पोचवते. नवी रबरी नळी आणि नवं तेल घातलं असतं तरी पप्पांची गाडी सुरक्षित झाली असती. काका पहिल्यापासून तेच सांगत होते. स्टीलची हौस माझी. गरज होती ती फक्त चौदा वर्षांची नळी बदलण्याची.

संध्याकाळी पप्पा शेतातून आले. गाडी स्टँडला लावली, लिव्हर दोनदा दाबून बघितली.

"चांगली आहे नळी," म्हणाले. "पण त्या ट्रॉलीला मागे लाल रेडियम चिकटवलं असतं, तर पन्नास रुपयांत काम झालं असतं."

यावर मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी यावलच्या बाजारातून रेडियमचा रोल आणला आणि आम्ही दोघांनी गल्लीतल्या चार ट्रॉल्यांना मागून पट्ट्या मारल्या. पाचव्या ट्रॉलीचा मालक म्हणाला, "कशाला रे भो, माझी ट्रॉली सगळे ओळखतात." संक्रांतीला जाईन तेव्हा त्याला पुन्हा गाठणार आहे.

तोवर तुम्ही एक करा. उद्या रविवार आहे. खाली पार्किंगमध्ये जा, ब्रेकची नळी चिमटीत धरा आणि कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा. आणि गावाकडे वडिलांची गाडी असेल तर तिचीही.