आठ आण्यांचा कुत्रा

मुंबईत कशाकशावरून दंगली झाल्या हे आपण वाचलेलं असतं. पण एक दंगल चक्क भटक्या कुत्र्यांवरून झाली होती, असं सांगितलं की ऑफिसात माझे मित्र हसतात! गोष्ट खरी आहे. साल १८३२. रस्त्यावरचे कुत्रे कमी करायचे म्हणून इंग्रज सरकारने ते मारायचा हुकूम काढला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत. त्या काळात आठ आणे म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. मग काय, शिपाई लोकांच्या घरात-आवारात शिरूनही कुत्रे मारू लागले.

पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांचा 'सगदीद' नावाचा विधी आहे. त्यासाठी 'चार डोळ्यांचा', म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा उत्तम मानतात. ६ जूनला फोर्टात पारशी जमावाने शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद! त्यात हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, तेव्हा सरकारला जाग आली.

यातून १८३४ साली मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी तो काढला. जनावर मरेपर्यंत सांभाळायचं, ही पांजरपोळाची कल्पना. भूतदया म्हणून थोरच. पण आमच्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर यात एक गोची आहे. रांगेत येणारे रोज येतायत आणि बाहेर जायला वाटच नाही. अशी रांग आज ना उद्या फुटणारच.

बाहेरची वाट लंडनमध्ये एका बाईने ठेवली. मेरी टील्बी यांनी १८६० साली हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी 'तात्पुरतं घर' सुरू केलं. नावातच 'तात्पुरतं' होतं! मालक सापडला तर उत्तम, नाहीतर दुसरं घर बघायचं. माणसं उपाशी असताना कुत्र्यांना कसलं घर, म्हणून तिची टिंगल झाली. टील्बी १८६५ साली वारल्या. १८७१ मध्ये संस्था बॅटरसीला गेली आणि आजही चालू आहे.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पोलीस कुत्रे आणून सोडत, नेणारे मात्र तेवढे येत नसत. उरलेले कुत्रे मारले जात. १८८४ साली तर त्यासाठी विषारी वायूची खास खोली बसवली गेली. म्हणजे शेल्टर कितीही दयाळू असो, घर देणारा माणूस आला नाही तर त्याचा एक तर कोंडवाडा होतो, नाहीतर कत्तलखाना.

आपल्याकडे २००१ च्या नियमांनी तिसरा मार्ग घेतला: नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने ११ तारखेला दिला आणि २२ तारखेला तो बदलला. पिसाळलेले आणि चावरे सोडून बाकीच्यांना लस देऊन परत सोडायचं ठरलं. कुत्रा चावलेल्या पोराच्या आईबापांचा राग मला समजतो. पण लाखो कुत्र्यांना जन्मभर ठेवणार कुठे?

मग शेल्टरमध्ये उरतं कोण? तर ज्यांना परत रस्त्यावर सोडता येत नाही ते. मी अधूनमधून रविवारी पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जातो. तिथे काळू आहे. वय साधारण पाच, मागचा एक पाय अपघातात गेलेला, नसबंदी आणि लसी झालेल्या. बघायला येणारी कुटुंबं त्याच्या पिंजऱ्यापाशी थांबतात, पाय बघतात आणि "एखादं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे का हो?" असं विचारून पुढे सरकतात. काळूच्या दोन्ही डोळ्यांवर बदामी ठिपके आहेत. १८३२ साली त्याच्यासाठी बाजार बंद पडला असता!

आता बाजार बंद पाडायची गरज नाही. एक घर उघडलं तरी पुरे. तीन पायांवर तो दोन जिने आरामात चढतो, पोरांशी चांगला वागतो आणि फटाक्यांना मात्र भयंकर घाबरतो. दिवाळीच्या आत त्याला कोणी नेलं तर बरं होईल.