पिचकारीचं भोक

"आजी, याचं भोक मोठं करून देशील?"

रंगपंचमीला आठवडा होता आणि नातू हातात प्लास्टिकची बंदूक घेऊन दारात उभा होता. म्हणजे ती हल्लीची बंदूक, वर पाण्याची टाकी, खालचा दांडा मागेपुढे करून हवा भरायची आणि मग घोडा दाबायचा. समोरच्या इमारतीतल्या मुलांचं पाणी लांब जातं, याचं जात नाही, हे दुःख. उपाय त्यानेच शोधून आणला होता. तापलेल्या सुईनं तोंड रुंद करायचं आणि दाब फार झाला की हवा सोडणारी जी झडप असते ती बुजवून टाकायची, म्हणजे वाटेल तेवढी हवा भरता येते.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या पेपरांवर पर्यवेक्षण करण्यापुरता. पण भोक मोठं करण्याचा उद्योग मला नवा नव्हता.

माझ्या लहानपणी आमच्याकडे पितळेची पिचकारी होती, वडिलांनी कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेली. नळकांडं, त्यात दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचा वायसर. वर्षभर माळ्यावर पडून वायसर वाळून जायचा, मग फाल्गुनात तो काढून गोड्या तेलात भिजत ठेवायचा. दोन दिवसांनी फुगला की परत चढवायचा. फाटलाच तर जुन्या वहाणेचा तुकडा कापायचा. हे सगळं घरी व्हायचं, कारण पिचकारीचं टोपण आट्याचं होतं. ते उघडत असे. एका वर्षी थोरल्या भावाला वाटलं की धार बारीक पडते, म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या कारागिराकडून तिचं तोंड चांगलं हरभऱ्याएवढं करून आणलं. पहिल्याच दाबात सगळं पाणी भस्सकन त्याच्याच पायांपुढे पडलं. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून कथलाची चकती डागून आणली, तिला बारीक भोक, आणि पिचकारी पूर्ववत झाली.

पाणी लांब जायला नेमकं काय लागतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो नातवामुळे आत्ता पडला, आणि इतिहासाच्या मास्तरणीने त्याचं उत्तर इतिहासातच शोधायला सुरुवात केली!

पिचकारी आपल्याकडे फार जुनी. कालिदासाच्या 'रघुवंशा'त रंगीत पाणी उडवायची सोन्याची शृंगं आहेत आणि सातव्या शतकातल्या हर्षाच्या 'रत्नावली'त वसंतोत्सवाच्या वेळी नगरातले लोक शृंगकांनी एकमेकांना भिजवतात. शृंग म्हणजे शिंग. नाव शिंगाचं आहे म्हणजे आकारही निमुळता असणार. खेड्यांतून मुलं बांबूची करतात, पेराला भोक पाडायचं आणि काठीला चिंधी गुंडाळून दट्ट्या करायचा. या सगळ्यात जोर एकच, हाताचा.

पुण्याच्या रंगाची म्हणाल तर सगळ्यात गाजलेला रंग सवाई माधवरावांचा. शाहीर प्रभाकराचा त्यावर पोवाडा आहे. तो रंग महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने झाला असं सांगतात. महादजी १७९२ च्या जूनमध्ये उत्तरेतून पुण्यात आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले. मध्ये फाल्गुन येतो तो एकच, १७९३ चा. (वर्गात अशी वजाबाकी मुलांकडून करून घ्यायला मला फार आवडे.) पेशवे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे, आणि पुढच्या अडीच वर्षांत, १७९५ च्या ऑक्टोबरात, त्यांचा शनिवारवाड्यातच अंत झाला. म्हणून तो रंग वाचताना मला कधी नुसता आनंद होत नाही. असो.

त्याच वाड्यात या पेशव्यांच्या बालपणी त्यांच्या करमणुकीसाठी बांधलं असं म्हणतात ते हजारी कारंजं आहे. सोळा पाकळ्यांचं कमळ. आज ते कोरडं आहे, पण नातवाला नेऊन दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न, "याला पंप कुठे होता?" पंप नव्हताच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शहरात आणलं. वाटेत हवा निघून जायला उच्छ्वास बांधले, गावात हौद बांधले. कात्रज उंचावर आणि वाडा नदीकाठी सखल भागात, म्हणून पाणी आपल्या पायांनी चालत आलं आणि उंचीच्याच जोरावर उडालं. कारंजं उंच उडवायचं तर मागचा हौद उंच हवा. तोट्या रुंद करून ते उंच होत नाही, उलट बसतं.

हात झाला, उंची झाली. तिसरा जोर नातवाच्या बंदुकीतला, कोंडलेल्या हवेचा. तो खेळण्यात आणला लॉनी जॉन्सन या अमेरिकन अभियंत्याने. अवकाश संशोधनात नोकरी करता करता १९८२ साली तो घरी उष्णतेच्या एका पंपावर खटपट करत होता, शीतकरणाच्या वायूऐवजी पाणी वापरून. तोटी न्हाणीघरातल्या नळाला लावली आणि धार अशी जोरात गेली की त्याला पंपाऐवजी पाण्याची बंदूकच सुचली. नमुना त्याने नळाचे तुकडे आणि सोड्याची बाटली जोडून घरीच केला. बाजारात ती १९९० ला आली आणि पुढच्या वर्षीपासून 'सुपर सोकर' नावाने जगभर खपली. म्हणजे या बंदुकीचा मूळ पुरुष घरच्या सामानातून झालेला, सहज उघडता येणारा. तिचे वंशज मात्र आमच्या बाजारात डिंक लावून बंद करून येतात.

आता हिशेब. विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला, तिने फोनवरच सांगितलं. दट्ट्याचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर आणि तुझ्या हाताचा जोर ५ किलो धर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब, दहा मीटर उंचीवरच्या टाकीएवढा. पाणी सेकंदाला साधारण १४ मीटर वेगाने निघेल, भोक दोन मिलिमीटरचं असो की चारचं. मात्र चारच्या भोकातून तेवढ्याच वेळात चौपट पाणी जाईल. जाड धार हवेत फुटत नाही म्हणून थोडी जास्त टिकते, हे खरं, पण आतली नळी अरुंद असेल तर तिला तेवढं पाणी पुरवता येत नाही, दाब वाटेतच खर्च होतो. आणि वेग दुप्पट हवा असेल तर दाब चौपट लागेल. "चौपट दाब ती टाकी सोसेल का, एवढंच बघ," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दट्ट्या हाताने दाबायचा झाला तर आणखी एक अडचण. भोक मोठं झालं की तो इतक्या झपकन आत जातो की हाताला जोर लावायला सवडच मिळत नाही. भावाची पिचकारी का भस्सकन रिकामी झाली, ते मला साठ वर्षांनी कळलं.

झडप बुजवायची नाही, हे मी ताबडतोब सांगितलं. फुटलेल्या टाकीचा तुकडा किंवा जवळून डोळ्यात बसलेली धार, दोन्ही गोष्टी रंगपंचमीपेक्षा जास्त दिवस पुरतात. सुईला मात्र मी हो म्हटलं. अशा गोष्टी सांगून पटत नाहीत, आणि बंदूक काही फार महाग नव्हती. गच्चीवर खडूनं रेघा मारल्या. आधी धार माझ्या बारा पावलांवर पडत होती. सुईनंतर नऊ. टाकी मात्र पूर्वीच्या निम्म्याहून कमी वेळात रिकामी. नातू रडवेला झाला. "मग आता परत बारीक कर," म्हणाला. प्लास्टिकला कथलाची चकती कुठून डागणार?

मग मला अरविंद गुप्तांची आठवण झाली. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते २००३ पासून दहा वर्षांहून अधिक काळ होते. फोटोच्या रिळांच्या डब्या आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा यांपासून केलेले पंप त्यांच्या पुस्तकांत आहेत, पाणी फेकणारे. त्या डब्या आता मिळत नाहीत, पण ट्यूब मिळते. नळकामाच्या दुकानातून हातभर पाइप आणि एक टोपण आणलं, टोपणाला दोन मिलिमीटरचं भोक पाडलं, दट्ट्याला झाडूचा दांडा. ही धार दहा पावलं जाते. समोरच्या मुलांच्या बंदुकांपुढे काहीच नाही, हे नातवाने तोंडावर सांगितलं, आणि ते खरं आहे.

पण टोपण आट्याचं आहे. काल दिवसभरात त्याने ते सातदा उघडलं. तीन मिलिमीटरचं भोक असलेलं दुसरं टोपण त्याला हवं आहे, शेजारच्या मुलानेही एक मागितलं आहे. ट्यूबचा वायसर अजून गळतोय. माळ्यावर चामड्याच्या जुन्या वहाणा आहेत का, ते बघायला आज त्याने मला स्टुलावर चढायला लावलं.