सैकल, शिकलगार आणि आमची गिटार

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा म्हसळ्याला आला, तो एक लांबट खोकं घेऊनच. "मामू, यात गिटार आहे. पण ती आपल्यालाच बनवायचीय."

खोक्यात लाकडाचं धड, पट्ट्या ठोकलेली मान, सहा खुंट्या, ब्रिज, तारा आणि वायरींचा गुंता निघाला. अम्मीने तस्बीह बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे आपल्यातल्या लोकांचं काम आहे का रे?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्याचं उत्तर मिरजेत आहे.

मिरजेची सतार आणि तानपुरा देशभरातल्या मैफलींत पोहोचले आहेत. ते बनवणारी घराणी शिकलगारांची, म्हणजे मुसलमानांची. 'शिकलगार' हा शब्द फारसीतल्या 'सैकलगर'वरून आला. सैकल म्हणजे धातूला आणलेली चकाकी. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. 1818 साली पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि तलवारीचं गिऱ्हाईक आटत गेलं. आपल्याकडे अशा वेळी अनेक कारागीर मजुरीला लागले. मिरजेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगारांनी वाद्यं हातात घेतली. सुरुवात दुरुस्तीपासून झाली, असं सांगतात. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गावात गवई येत होते. शिकलगार हे आडनाव मागे पडून 'सतारमेकर' पुढे आलं.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा. हा भाजीचा भोपळा नव्हे, जाड सालीचा आणि कडू. लाकूड तुणीचं. पण खरी कसोटी जवारीत. घोडीचा माथा कानसेने इतका नेमका घासायचा, की तार त्याला निसटता स्पर्श करेल आणि सूर घुमत राहील. धार लावणाऱ्या बोटांना एका केसाचा फरक कळायचा. तेच कसब इथे कामी आलं.

आता आमची गिटार. ती खोक्यात घालून विकता येते, यालाही इतिहास आहे. कॅलिफोर्नियातला लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 च्या सुमाराला त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि मान धडाला चिकटवण्याऐवजी स्क्रूने जोडली. आवाज पोकळ पेटीतून काढायचाच नव्हता. चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, वर पोलादी तार थरथरली की तिच्यात वीज उमटते, स्पीकर ती ऐकवतो. त्यामुळे आमच्यासारख्या नवख्यांनाही हात घालता आला.

आणि चुकताही आलं. ब्रिजची भोकं आम्हालाच पाडायची होती. मी नजरेने जागा धरली, ड्रिल चालवलं. तारा चढवल्या तर मोकळी तार सुरात, पण मानेवर वर जावं तसा सूर चढा. भाच्याने फूटपट्टी आणली. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत पावणेतेरा इंच भरले. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर हवा, म्हणजे तिथून ब्रिजही पावणेतेरा इंचांवर. आमचा पाव इंच अलीकडे होता. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, चुकले तर सरकवता येतात. गिटारीचे ठोकलेले, ते काही ऐकत नाहीत. वर्गात मुलांना 'आधी मोजा' सांगणारा मी, गप्प बसलो. जुन्या भोकांत लाकडाच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून पुन्हा भोकं पाडली. तोवर पाऊस लागला, पॉलिश आठवडाभर चिकटच राहिलं.

संगीताबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो वाद मी इथे काढत नाही. एवढंच सांगतो, की किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 साली वारले, त्यांची कबर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे आजही गाणं होतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपली मुलं शाळेच्या पुस्तकात तलवारीचा इतिहास वाचतात. तलवार ठेवून ज्यांनी सतार घडवली, त्यांचं नाव कुणी त्यांना सांगत नाही. मीही वीस वर्षं शिकवतोय, कधी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी अम्मीला सांगितलं. तिने गिटारीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मग ह्या पोराला मिरजेला घेऊन जा की. नुसतं मला काय सांगतोस?"

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. शाळेतली चार मुलंही बरोबर येतील.