माशाच्या कातडीतला तिपेडी तंतू

रत्नागिरीच्या सुरिमी कारखान्यांत राणी मासा मोठ्या प्रमाणावर लागतो. त्याचं मांस वेगळं काढून थंड पाण्यात धुतात आणि ठोकळे गोठवून परदेशी पाठवतात. मागे मुंडी, कातडी, काटे, खवले, आतडी उरतात. हा उरलेला भाग बऱ्याच माशांत निम्म्या वजनाच्या घरात जातो, आणि त्यातल्या पुष्कळशा भागाची वाळवून, दळून कुटी होते. कुटीला माझी ना नाही. पण कातडी आणि खवल्यांतलं कोलॅजेन कोंबड्यांच्या खाद्यात जावं, हे मला पटत नाही.

कोलॅजेन म्हणजे शरीर सांधून धरणारं प्रथिन. वेणीसारख्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. दर तिसऱ्या जागी ग्लायसीन असतं, कारण पिळाच्या गाभ्यात त्याहून मोठं अमिनो आम्ल मावत नाही. ही तिपेडी रचना १९५४ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेच्या क्ष-किरण चित्रांवरून. या क्षेत्राचा पाया आपल्याकडे घातला गेला, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

कोळ्यांना मात्र या प्रथिनाचं मोल बाजारातून आधीच कळलेलं आहे. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला दीडशेवर घोळ मासे मिळाले आणि लिलावात सव्वा कोटीहून अधिक रुपये आले. तो भाव मांसापेक्षा बोताला, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला होता, आणि वाळलेलं बोत म्हणजे बव्हंशी कोलॅजेनच. बिअर-वाइन नितळ करायला माशांची बोतं फार पूर्वीपासून वापरतात.

प्रयोगशाळेतली रीत सोपी वाटते, पण घाई खपवून घेत नाही. कातडीचे बारीक तुकडे आधी सौम्य अल्कलीत ठेवून इतर प्रथिनं काढायची, मग चरबी; खवले आणि काटे असतील तर त्यांतला कॅल्शियमही. त्यानंतर तुकडे अर्धा मोलर ॲसिटिक आम्लात, ४ अंशांवर, दोन-तीन दिवस ढवळत ठेवायचे. पांढुरकी कातडी फुगते, काचेसारखी होते आणि द्रव दाट होत जातो. गाळलेल्या द्रवात मीठ टाकलं की काही वेळात पांढरे धागे वेगळे होतात. पहिल्यांदा ते पाहणारा विद्यार्थी हातातलं काम विसरून बघत राहतो. आम्लाला न जुमानणाऱ्या कातडीसाठी पेप्सिन वापरतात. ते साखळ्यांची टोकं तेवढी छाटतं, पिळाला धक्का लावत नाही.

सगळी गोम तापमानात आहे. थंड समुद्रातल्या कॉडच्या कोलॅजेनचा पीळ १५ अंशांच्या आसपासच सुटू लागतो. उबदार पाण्यातल्या माशांचा तिशीच्या आसपास टिकतो, गाई-डुकरांचा आणखी वर. हायड्रॉक्सिप्रोलिन जितकं जास्त, तितका पीळ घट्ट. सस्तन प्राण्यांत ते हजार अमिनो आम्लांमागे नव्वदच्या आसपास, कॉडमध्ये पन्नासच्या. म्हणजे आपल्या समुद्राची ऊबच इथल्या कच्च्या मालाची जमेची बाजू आहे. पण पीळ एकदा सुटला की हाती जिलेटिन येतं. जिलेटिनलाही मागणी आहे, पण जखमेवरच्या पट्टीसाठी किंवा पेशी वाढवण्याच्या जाळीसाठी अखंड पीळच हवा. म्हणून कोलॅजेनचं काम प्रयोगशाळेत नव्हे, कातडी सोलली जाते त्या टेबलावर सुरू होतं. ती बर्फात गेली नाही, दुपारभर टोपलीत राहिली, तर पुढचं सगळं कौशल्य वाया जातं. मी या विषयावर बोलतो तेव्हा सर्वांत जास्त वेळ बर्फावरच घालवतो.

नवख्यांच्या एका गैरसमजाबद्दल: कोळंबीच्या सालांतून कोलॅजेन काढायला जाऊ नये. तिथे मिळतं ते कायटिन, आणि त्याची रीत निराळी.

विषयात उतरायचं असेल तर अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. शीतकपाट, ढवळणी, सेंट्रिफ्यूज, सामू मोजण्याचं साधन एवढं महाविद्यालयात असतंच. पहाटे बंदरावर जा, मासे कापणाऱ्या मावशींकडून कातडी मागून घ्या, आणि सोबत बर्फाचा डबा न्या.