मुलामा उतरवणे (डाय-कास्ट प्रतिकृती)
छोट्या मोटारींचे चकचकीत भाग नव्याने रंगवण्याआधी त्यांवरचा धातूचा थर काढण्याची क्रिया.

हॉट व्हील्ससारख्या गाड्यांचा सांगाडा झॅमॅकचा, म्हणजे सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम मिसळलेल्या जस्ताचा असतो. बंपर, जाळी मात्र बहुधा प्लॅस्टिकची. त्यांची ‘क्रोम’ झळाळी खरे तर निर्वात कक्षात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. घरगुती ब्लीचमध्ये तो विरघळतो. त्याच भांड्यात आम्ल मात्र कदापि घालू नये; विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धातूच्या भागांची गोष्ट अवघड. त्यांवर तांबे, निकेल, क्रोमियम असे एकावर एक थर असतात. हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमियम विरघळवते, पण खालच्या जस्तालाही खाते. कॉस्टिक सोडाही जस्ताला सोडत नाही. म्हणून घरी बारीक पॉलिश पेपरने, पाण्यासह, थर खरबरीत करून त्यावर प्रायमर देणेच बरे.