कारगिलचे बेवारस सैनिक

मागच्या व्याख्यानात आपण १९७२ च्या सिमला करारापर्यंत आलो होतो. त्यातून नियंत्रण रेषा आली. ही रेषा म्हणजे मान्य झालेली सरहद्द नव्हे, एवढं ध्यानात ठेवून आज कारगिलकडे वळू.

१९९९ च्या उन्हाळ्यात द्रास, बटालिक भागातल्या शिखरांवर ठाण मांडून बसलेली माणसं कोण होती? पाकिस्तान सरकार म्हणत होतं, हे काश्मिरी मुजाहिदीन, आमच्या सैन्याचा संबंध नाही. आता बघा, जिवंत माणसाबद्दल असं काही दिवस म्हणता येतं. पण मेलेल्याच्या खिशात ओळखपत्र निघतं, घरचं पत्र निघतं. ते निघाले नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे, बरेचसे गिलगिट-बाल्टिस्तानचे. हे तेव्हा निमलष्करी दल होतं. नियमित रेजिमेंटचा दर्जा त्याला युद्धानंतर मिळाला. मृतदेह मागायचे, तर सैन्य रेषेपलीकडे गेलं होतं हे कबूल करावं लागणार. म्हणून बहुतेक मृतदेह कुणी मागितलेच नाहीत.

१९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं १७ वं कलम सांगतं की मृतांना सन्मानानं, शक्य तर त्यांच्या धर्माच्या रीतीनं पुरावं आणि कबरीवर खूण ठेवावी. सरहद्द कुणाची, हे ते कलम विचारत नाही. भारतीय सैन्यानं त्या दगडधोंड्यांत या सैनिकांचं इस्लामी रीतीनं दफन केलं. त्याची छायाचित्रं जगाला दाखवली, म्हणजे त्यात प्रचारही होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जूनमध्येच सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे देह परत आले होते, आणि त्यांचा छळ झाल्याचं भारतानं जाहीर केलं होतं. ती चीड मनात असताना शत्रूसाठी खड्डा खणणं सोपं नसणार, असं आम्हाला वाटतं.

मोजके देह मात्र परत गेले. त्यांतले एक, टायगर हिलवर पडलेले कॅप्टन करनल शेर खान. (करनल हे नाव, हुद्दा नव्हे!) ब्रिगेडियर बाजवांनी त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवली, की हा अधिकारी शौर्यानं लढला. पुढे पाकिस्ताननं त्यांना निशान-ए-हैदर दिलं.

बाकीच्यांचं काय? २०१० साली, म्हणजे तब्बल ११ वर्षांनी, पाकिस्तानी लष्करानं आपल्या संकेतस्थळावर कारगिल-बटालिक भागात पडलेल्या ४५३ जणांची नावं टाकली. रेषेच्या अलीकडे पुरलेले सैनिक त्या डोंगरांतच राहिले.